हिरकणी आणि बाळंतपणाचा वॉर्ड

(एस. वाय. बी. ए., समाजशास्त्र)

सेमिनारचे विषय वाटले जात होते, तेव्हा ‘आरोग्य आणि समाज’ या घटकाखाली मी ‘प्रसूतिगृह आणि स्तनपान’ असा विषय मागितला. मागच्या बाकांवर लगेच खसखस पिकली. सरांनी चष्म्यावरून एकदा तिकडे पाहिले आणि मला म्हणाले, “विषय चांगला आहे. मांडणी नीट कर, म्हणजे हसणारे ऐकतील.” ऐकले की नाही ते ठाऊक नाही, पण त्या सेमिनारसाठी जे वाचले आणि त्याआधी घरात जे पाहिले, ते दोन्ही या अंकाच्या निमित्ताने एकत्र लिहीत आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील बोटीवर खलाशी आहेत, आई मासळी बाजारात पाटी घेऊन बसते. त्यामुळे पुस्तकातले वाचताना घरातले डोळ्यांपुढे येणे मला टाळता येत नाही. वाचकांनी तेवढे चालवून घ्यावे.

आपल्या जिल्ह्याला ज्या किल्ल्याचे नाव आहे, त्या रायगडावर हिरकणीचा बुरूज आहे. त्याची दंतकथा आपण सर्वांनी शाळेत ऐकलेली आहे. गडाखालच्या गावातली हिरकणी गवळण दूध विकायला वर गेली. दिवस मावळला, शिरस्त्याप्रमाणे दरवाजे बंद झाले आणि घरी पाळण्यात तान्हे बाळ. पहारेकरी दार उघडेनात, तेव्हा ती रात्रीच्या अंधारात कडा उतरून बाळाकडे गेली. पुढे महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला. ही गोष्ट सांगताना आपण आईच्या मायेचे कौतुक करतो आणि तेथेच थांबतो. मला मात्र अलीकडे त्या दरवाजाचाच विचार येतो. ओल्या बाळंतिणीला घरी जाऊ देण्याची सोय त्या शिरस्त्यात असती, तर तिला कडा उतरावा लागला नसता. आईचे दूध हा विषय आला की आपण नेमके असेच वागतो. आईला दूध आले तर तिची माया थोर, न आले तर तिच्यातच काही कमी. दरवाजा कोणी बंद केला, हे विचारायचे राहून जाते.

हे मला कसे सुचले, ते सांगते.

मी अकरावीत असताना माझ्या वहिनीला पहिली मुलगी झाली. तालुक्याच्या ठिकाणी एका प्रसूतिगृहात शस्त्रक्रिया करून बाळंतपण झाले. त्या प्रसूतिगृहाचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण तसली पुष्कळ असावीत असा माझा समज आहे. वहिनीजवळ मी आणि आजी राहिलो होतो. बाळ वेगळ्या खोलीत पाळण्यात ठेवले होते. पहिल्या दिवशी ते वहिनीजवळ फक्त दाखवायला आणले. दुसऱ्या दिवशी तेथील बाईंनी छाती दाबून पाहिली आणि म्हणाल्या, “दूध नाही अजून. वरचे द्या.” मग एक चिठ्ठी मिळाली. तीवर डब्याचे नाव होते. दादा खालच्या दुकानातून डबा आणि बाटली घेऊन आला. जो काही पिवळा चीक येत होता, तो आजीने कापसाने टिपून टाकायला लावला. “तो पोराला जड व्हतो गो,” असे तिचे म्हणणे. तिला कोणी हटकले नाही. डॉक्टर आले, टाके पाहिले, गेले. टाके उत्तम भरले, हे कबूल केले पाहिजे.

चौथ्या दिवशी वहिनीच्या छातीत दूध दाटले. छाती दगडासारखी झाली, अंगात ताप भरला. आणि बाळ आता अंगावर घेईना, कारण दोन दिवसांत त्याला बाटलीच्या बोंडाची सवय लागली होती. तोंडाशी धरले की रडे, बाटली दिली की गप्प. हे दृश्य बघणाऱ्या प्रत्येकाने एकच अर्थ काढला, “हिला दूधच नाही.” दोन महिन्यांत ते खरेही झाले.

पुढे उन्हाळा आला. आमचे गाव रेवदंड्याच्या खाडीकडेचे. वैशाखात आमच्याकडच्या विहिरींचे पाणी मचूळ होते, नळाला एक दिवसाआड पाणी येते. बाटली उकळायची तर गॅस जपून वापरायचा, डबा संपत आला तर पावडर एक चमचा कमी घालायची. आम्ही अडाणी होतो म्हणून हे केले नाही. डब्याची किंमत आणि बोटीवरचा पगार यांचा हिशेब तसाच होता. मुलीला जुलाब लागले ते थांबेनात. आठ दिवस सलाईन. दादाने बोटीच्या मालकाकडून उचल घेतली, ती दोन हंगाम फिटत होती. मुलगी बरी झाली, आज अंगणात धावते आहे. पण ‘दूध नसलेली’ हे विशेषण वहिनीला चिकटले ते चिकटलेच. कोणी भांडणात बोले, कोणी सहज बोले. ती स्वतःही तसेच मानू लागली होती, याचे मला जास्त वाईट वाटे.

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. मी कला शाखेची, तेव्हा जेवढे समजले तेवढेच लिहिते.

वार गर्भाशयात असते तोवर प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक दुधाला जणू लगाम घालून असते. वार पडली की त्याचे प्रमाण झपाट्याने उतरते आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान दूध भरून येते. पहिलटकरणीला थोडा अधिक वेळ लागतो. शस्त्रक्रिया झालेल्या बाईलाही लागतो. त्यापूर्वीचे दोन-तीन दिवस छातीत चीक असतो आणि तो चमचा-दोन चमचेच येतो. नवजात बाळाचे पोटही तेवढेच लहान असते. म्हणजे दुसऱ्या दिवशी छाती दाबून ‘दूध नाही’ असा निकाल देणे म्हणजे मोहोर पाहून ‘आंबा नाही’ म्हणण्यासारखे आहे. आपल्याकडे ही समजूत जुनी आहे. तिसऱ्या-चौथ्या रात्रीनंतर स्तन्य प्रवर्तते, असे सुश्रुतसंहितेतही सांगितले आहे आणि तोवर बाळाला मध-तूप द्यावे, असा तेथील क्रम आहे. निरीक्षण अगदी खरे. पण त्यावरून मधल्या दिवसांत आईकडे द्यायला काहीच नसते, हा जो अर्थ घराघरात रूढ झाला, तो चुकीचा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर देऊच नये, असे आता डॉक्टर सांगतात, कारण त्यातून बोटुलिझम नावाची विषबाधा होऊ शकते.

चिकाची गंमत पाहा. गाय-म्हैस व्याली की आपण शेजाऱ्याकडून चीक मागून आणतो, गूळ-वेलची घालून खरवस करतो, सासरी गेलेल्या मुलीला मुद्दाम पाठवतो. तो पौष्टिक आहे हे कोणाला सांगावे लागत नाही. वासराला पहिला चीक मिळाला नाही तर ते जगणे कठीण, हेही प्रत्येक गोठेवाल्याला ठाऊक असते. तोच चीक बाईच्या अंगातून आला की मात्र ‘घाण’, ‘जुने दूध’, ‘जड’! त्याचा पिवळा रंग कॅरोटीनमुळे येतो. त्यात रोगांशी लढणारी प्रतिद्रव्ये भरपूर असतात आणि ती बाळाच्या आतड्याला आतून संरक्षण देतात. आजीला मी हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “म्हशीची गोष्ट येगली.” यावर मजजवळ उत्तर नव्हते.

दुसरी गोष्ट दूध वाढण्याची. बाळ जितके ओढील तितके दूध अधिक तयार होते. विहीर उपसली की झरे मोकळे होतात, तसाच हा प्रकार. चोखण्याच्या संवेदनेने प्रोलॅक्टिन वाढते, त्याने दूध तयार होते. ऑक्सिटोसिन वाढते, त्याने दूध वाहते. रात्री पाजल्याने प्रोलॅक्टिन विशेष वाढते. उलट काळजी, वेदना, भीती यांनी ऑक्सिटोसिनचे काम अडते. तेव्हा ‘तुला दूध नाही’ हे वाक्य नुसते खोटे नसते, ते खरे होण्याची व्यवस्थाही करते. बाळाला वरचे पाजले की ते पोट भरून झोपते, अंगावर ओढत नाही, ओढत नाही म्हणून दूध कमी होते आणि कमी झाले म्हणून आणखी वरचे द्यावे लागते. आमच्या वहिनीचे हेच झाले.

याचा अर्थ डब्यातले दूध कधीच देऊ नये असा नाही. काही आजारांत, काही औषधांच्या बाबतीत, आई दगावली असता वा मूल दत्तक घेतले असता ते लागते आणि त्याने मुले जगतात. खरोखरच दूध अपुरे पडणाऱ्या माताही असतात. त्यांना दोष देणे हा तर आणखी एक दरवाजा बंद करणे झाले. प्रश्न आहे तो ज्यांना गरज नव्हती त्यांच्या हातात चिठ्ठी कशी येते, हा.

येथे समाजशास्त्राचा भाग सुरू होतो. पूर्वी बाळंतपणे घरी होत. सुईण येई. बाळ-बाळंतिणीला आंघोळ घालणे, शेक-धुरी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, पाचवीची पूजा हे सारे सव्वा महिना चाले. त्यात पाजायचे कसे, कुशीवर कसे घ्यायचे, छाती दाटली तर काय करायचे, हेही कोणीतरी शेजारी बसून दाखवी. त्या काळाचे मी गोडवे गात नाही. त्याच बायका चीक फेकायला लावीत आणि घरच्या बाळंतपणात किती आया-मुले गेली, याच्या कहाण्या आमच्या आळीत घरोघरी आहेत. माझ्या आजीची स्वतःची दोन गेली. बाळंतपण रुग्णालयात गेले हे चांगलेच झाले. पण रुग्णालयाने सुईणीचे एकच काम उचलले, बाळ बाहेर काढण्याचे. शेजारी बसून दाखवण्याचे काम कोणाकडे गेले? घरातल्या बायकांना वाटते, दवाखान्यात आहे, ते बघतील. दवाखान्याला वाटते, हे तर बायकांना जन्मतःच येते. मधल्या मध्ये पहिलटकरीण एकटी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे मी वाचनालयात बसून उतरून घेतले. २०१५-१६ च्या पाहणीत देशातील शेकडा ७८.९ बाळंतपणे रुग्णालयांत झाली होती. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ८८.६ झाले. जन्मानंतर एका तासाच्या आत अंगावर पाजलेल्या मुलांचे प्रमाण पहिल्या पाहणीत ४१.६ होते, दुसऱ्या पाहणीत ४१.८. दहा टक्क्यांनी बाळंतपणे रुग्णालयात आली आणि पहिला तास जवळजवळ होता तेथेच राहिला! महाराष्ट्रात तर शेकडा नव्वदहून अधिक बाळंतपणे आता रुग्णालयांत होतात. म्हणजे त्या तासात बाई कोठे असते, तिच्याभोवती कोण असते, हे आपल्याला नक्की ठाऊक आहे. तरीही तो तास निसटतो. मला तरी या दोन आकड्यांइतकी बोलकी गोष्ट दुसऱ्या कोणत्याही पुस्तकात सापडली नाही. (सहा महिन्यांपर्यंत निव्वळ आईच्या दुधावर असलेल्या मुलांचे प्रमाण मात्र याच काळात वाढून ६३.७ झाले, हे प्रामाणिकपणे नोंदवते.)

आता त्या चिठ्ठीविषयी. तिचा इतिहास मोठा आहे. १९३९ साली सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी सिंगापूरमध्ये भाषण करून गोड डबाबंद दुधाच्या प्रचारावर कडक टीका केली. असा चुकीचा प्रचार हा खून समजावा, इथपर्यंत त्या बोलल्या. १९७० नंतर जगभर या प्रश्नावर चळवळी झाल्या. गरीब देशांतल्या रुग्णालयांत कंपन्यांची माणसे परिचारिकांसारखे पोशाख घालून फुकट नमुने वाटीत. नमुना संपेपर्यंत आईचे दूध आटे, मग डबा विकत घेण्यावाचून गत्यंतर नसे. अखेर मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने दुग्धपर्यायांच्या विक्रीसाठी आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर केली. बाजूने ११८ मते पडली, विरोधात एकच, ते अमेरिकेचे.

आपल्या देशात १९९२ साली कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९९३ पासून तो अमलात आला. २००३ मध्ये तो आणखी कडक करण्यात आला. या कायद्याप्रमाणे दोन वर्षांखालील मुलांच्या अशा आहाराची आणि बाटल्यांची जाहिरात करता येत नाही. फुकट नमुने वाटता येत नाहीत. डब्यावर गुबगुबीत बाळाचे वा आईचे चित्र छापता येत नाही. डॉक्टर-परिचारिकांना कंपनीकडून भेटवस्तू वा पैसे घेता येत नाहीत. काही स्वयंसेवी संस्थांना या कायद्याखाली तक्रार करण्याचा अधिकार दिला गेला. मुंबईचे बालरोगतज्ज्ञ डॉ. आर. के. आनंद यांची ‘अकॅश’ ही संस्था त्यांपैकी एक. हे वाचले तेव्हा मी घरी जाऊन माळ्यावरचा जुना डबा काढून पाहिला. आई त्यात सुकट ठेवते. आईचे दूधच सर्वांत चांगले, अशी सूचना त्यावर छापलेली होती. तीन वर्षे तो डबा घरात होता आणि ती आम्ही कोणीही वाचली नव्हती. दादाला चिठ्ठी मिळाली होती, तो डबा वाचून कशाला पाहील?

कायद्याने डबा आवरतो, पण दूध येते ते मदतीने. या बाबतीत आपल्याला फार लांब जावे लागत नाही. आपल्याकडची अवघड केस ज्या मुंबईला पाठवतात, त्याच मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी नवजात बालकांच्या विभागात आईलाच बाळाच्या शुश्रूषेत सामील करून घेतले आणि आईच्या दुधावर भर दिला. त्याच रुग्णालयात १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू झाली. आशियातील ती पहिली मानली जाते. ज्या अशक्त, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आयांना दूध देता येत नाही, त्यांना दुसऱ्या मातांनी दिलेले दूध तपासून, तापवून, गोठवून ठेवून देतात. महानगरपालिकेच्या गर्दीच्या रुग्णालयात हे होऊ शकते, तेव्हा पैसा नाही, माणसे नाहीत ही सबब तितकीशी पटत नाही.

त्याच १९८९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मिळून प्रसूतिगृहांसाठी दहा पायऱ्या सांगितल्या. १९९१ पासून ‘बालस्नेही रुग्णालय’ हा उपक्रम त्यांवरच उभा राहिला. २०१८ मध्ये त्या सुधारून घेण्यात आल्या. दहाही येथे देत नाही, कारण मला त्यांतील तीनच फार महत्त्वाच्या वाटतात. बाळ जन्मताच पुसून आईच्या उघड्या छातीवर पोटावर निजवायचे. आई आणि बाळ रात्रंदिवस एकाच खाटेजवळ ठेवायचे. आणि पाजायचे कसे, हे शिकवण्याचे शिक्षण परिचारिकांना द्यायचे. पहिल्या पायरीचे एक आश्चर्य असे की, छातीवर निजवलेले निरोगी बाळ तासाभराच्या आत पाय रेटीत आपणहून वर सरकते आणि स्तनाग्र शोधते. मुंबईच्या डॉक्टरांनी युनिसेफबरोबर २००७ साली याची चित्रफीत केली आहे. आपण ती वर्गात दाखवावी, असे मी सुचवले होते. ते धाडस अद्याप झालेले नाही. आपल्या केंद्र सरकारनेही २०१६ मध्ये ‘माँ’ नावाचा कार्यक्रम याच कामासाठी सुरू केला.

गेल्या वर्षी वहिनीला दुसरा मुलगा झाला. या वेळी पैसे नव्हते म्हणून सरकारी रुग्णालय. पुन्हा शस्त्रक्रियाच झाली. मी धास्तावले होते. रांगा, एका वॉर्डात खाटा लावून लावून, बाहेर नातेवाइकांची गर्दी, संडासाविषयी न लिहिलेले बरे. पण तेथे एक मध्यमवयीन सिस्टर होत्या. कमरेखालचा भागच बधिर केलेला असल्याने वहिनी शुद्धीवर होती. टाके पुरते व्हायच्या आतच सिस्टरांनी बाळ तिच्या गालाशी आणि मग छातीवर आणून ठेवले. वॉर्डात आल्यावर वहिनी म्हणाली, “सिस्टर, मला दूध येत नाही. पहिल्या वेळीही नव्हते.” सिस्टर हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. खाटेवर तिच्या शेजारी बसल्या. “बघू गं, आपण दोघी बघू,” म्हणाल्या.

मग त्यांनी जे केले ते मी अगदी जवळून पाहिले. टाक्यांवर भार नको म्हणून बाळ काखेखालून घेतले, त्याचे पाय वहिनीच्या पाठीकडे. खाली चादरीची घडी ठेवली. बाळाचे पोट आईच्या अंगाला लागलेले, डोके आणि पाठ एका रेषेत. वरच्या ओठाला स्तनाग्र लावून वाट पाहिली. बाळाने जांभई दिल्यासारखा मोठा ‘आ’ केला, त्या क्षणी त्याला पुढे घेतले. बाळाच्या तोंडात नुसते बोंड नाही, भोवतीचा काळा भागही गेला. हनुवटी छातीला टेकली, खालचा ओठ बाहेर वळलेला. “आता दुखतंय का?” वहिनी म्हणाली, “नाही.” “मग बरोबर लागलाय. दुखलं तर करंगळी घालून सोडव आणि पुन्हा लाव. शंभरदा लाव.” हे सर्व वीस मिनिटांत झाले. चीक किती आला? दोन थेंब की चार, देव जाणे. आजीने कापूस काढला होता, तो सिस्टरांनी हळूच तिच्या हातातून घेतला आणि म्हणाल्या, “आजी, खरवस आवडतो ना तुम्हाला?” मला जे वर्षभर साधले नव्हते ते त्यांना एका वाक्यात साधले. आजी गप्प बसली, हे विशेष.

सिस्टर त्या दिवसात तीनदा आल्या, रात्रपाळीच्या बाईंना सांगून गेल्या. तिसऱ्या दिवशी दूध भरून आले. घरी आल्यावर आशाताई ठरल्या दिवशी येत राहिल्या. रुग्णालयात बाळंतपण झालेल्या घरी त्यांनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे असते. त्या वजन करीत, आणि ‘दूध पुरते का?’ या वहिनीच्या रोजच्या शंकेवर विचारीत, “लघवी किती वेळा?” पहिला आठवडा सरत आला की दिवसरात्र मिळून सहा किंवा अधिक वेळा झाली आणि वजन वाढते आहे, तर दूध पुरते. रडणे हे काही माप नव्हे. मूल दहा कारणांनी रडते.

एका उदाहरणावरून सिद्धान्त मांडू नये, असे आम्हाला संशोधनपद्धतीच्या तासाला शिकवले आहे. दुसऱ्या खेपेला दूध लवकर उतरते, हेही खरे. तेव्हा सारे श्रेय वीस मिनिटांना देता येणार नाही. पण बाई तीच होती, शस्त्रक्रिया तीच होती, आजीसुद्धा तीच होती. बदलले होते ते शेजारी बसणारे माणूस. आणि त्या सिस्टरांना हे शिक्षण कोठे मिळाले, असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या की एकदा तीन-चार दिवसांचा वर्ग झाला होता, तेव्हापासून करते. ‘सगळ्यांना करायला मिळत नाही गं. एका वेळी वॉर्डात आम्ही दोघी आणि बाळंतिणी किती ते तूच मोज.’ मी मोजल्या. एकवीस होत्या. प्रत्येकीला वीस मिनिटे द्यायची तर नुसत्या एका फेरीला सात तास लागतात. हा हिशेब कोणत्या फलकावर लावलेला नसतो. भिंतीवर ‘आईचे दूध अमृत’ असे मात्र मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते.

रुग्णालयाबाहेरही दरवाजे आहेतच. नोकरदार स्त्रीला २०१७ च्या दुरुस्तीप्रमाणे २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूतिरजा आहे. मासळीच्या पाटीला रजा नाही. सव्वा महिना झाला की आमच्याकडच्या बायका पहाटे बंदरावर उभ्या असतात. एस. टी. च्या स्थानकांवर पाजण्यासाठी ‘हिरकणी कक्ष’ केलेले आहेत. नाव सुंदर आहे. मासळी बाजारात तसा आडोसा मी कोठे पाहिला नाही. आमच्या वहिनीला आशाताईंनी दूध हाताने काढून ठेवायला शिकवले. उकळून घेतलेल्या झाकणाच्या स्टीलच्या वाटीत ते सावलीत साधारण चार तास चांगले राहते. बाटली नको, बोंडल्याने वा चमच्याने पाजायचे, म्हणजे बाळ अंगावर घ्यायचे विसरत नाही.

आता वहिनी पहाटे वाटी भरून ठेवते आणि आईबरोबर बाजारात जाते. नऊच्या सुमारास आजी बोंडले घेऊन बसते. वाटीवरचे झाकण काढून ती आधी वास घेते. रोज घेते. दूध नासलेले नाही याची खात्री झाली की मग नातवाला मांडीवर घेते, आणि मी कॉलेजला निघताना मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणते, “आमच्या वक्ताला असला काय नव्हता.”